खड्ड्यातला हात

वैजनाथरावांनी त्या दिवशी चहा कँटीनमध्ये जाऊन प्यायला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण कँटीनचा चहा फार गोड असतो म्हणून ते आपल्या टेबलावरच थर्मास उघडून बसले, आणि नेमके तेव्हाच सत्यम आणि तनुजा तोंड पाडून ऑफिसच्या खिडकीशी आले.

वैजनाथराव एका इंजिनिअरिंग कॉलेजात हेडक्लार्क. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्टचे फॉर्म त्यांच्या टेबलावरून पुढे जायचे, त्यामुळे हे प्रोजेक्ट आपणच करतो अशी त्यांची हळूहळू समजूत झाली होती. यंदा दिव्यांग माणसांना रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असं काहीतरी बनवायचं होतं. सत्यम आणि तनुजानं विषय दिला होता, अंधांसाठी स्मार्ट काठी. तो परत आला होता.

"विशाखा मॅडम म्हणाल्या, डिपार्टमेंटच्या कपाटात आधीच एकोणीस स्मार्ट काठ्या पडल्यात," तनुजा म्हणाली. "विसावी नको."

"अन् त्यातली एक बी कुणी वापरत नाय म्हणाल्या," सत्यमनं भर घातली. तो फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचा. "म्हणल्या, आधी माणूस शोधा, मग मशीन करा. आता माणूस कुठून आणावं, सर?"

वैजनाथरावांनी थर्मासचं झाकण खाली ठेवलं.

"माणूस माझ्या घरात आहे," ते म्हणाले.

(हे वाक्य बोलण्याआधी त्यांनी घरातल्या त्या माणसाला विचारलं नव्हतं. पण तीस वर्षांच्या संसारात त्यांनी अनसूयाबाईंना न विचारता बोललेली वाक्यं मोजायला बसलं तर थर्मासभर चहा पुरायचा नाही.)

अनसूयाबाईंना अकरा वर्षांपूर्वी एका तापात ऐकू येणं बंद झालं. कानाला मशीन लावून पाहिलं, पण त्यातून नुसता कल्लोळ यायचा, शब्द यायचे नाहीत. मग त्यांनी मशीन डबीत ठेवून दिलं आणि त्या माणसांचे ओठ वाचायला शिकल्या. समोर बसून कुणीही बोललं तर त्यांना सगळं कळे. अपवाद एकच, वैजनाथरावांचा. त्यांची मिशी भरघोस होती आणि वरच्या ओठावर पूर्ण उतरलेली होती, त्यामुळे त्यांचं अर्धंच बोलणं अनसूयाबाईंपर्यंत पोचायचं. मिशी कापा असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. निम्म्यावर त्यांचं छान चाललं होतं.

बाजूच्या टेबलावरचा राजेंद्र म्हणाला, "सर, मग तुमच्याकडं भांडणंच होत नसतील."

हा विनोद गेल्या अकरा वर्षांत इतक्या जणांनी केला होता, की वैजनाथराव त्यावर केवळ सवयीनं हसले. राजेंद्रचं वय बेचाळीस आणि डोकं पार पिकलेलं. वैजनाथरावांचे छप्पन्नाव्या वर्षीही काळेभोर केस हा त्याच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. "रोज सकाळी उपाशीपोटी एक आवळा, बाकी काही नाही," असं वैजनाथरावांनी त्याला सांगून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून राजेंद्रच्या ड्रॉवरमध्ये आवळ्यांची डबी असे. त्याचे दात आंबले होते. केस होते तसेच होते.

(खरी गोष्ट अशी की महिन्यातल्या एका रविवारी वैजनाथराव न्हाणीघराची कडी लावून पाऊण तास आत बसत. ते तिथं काय करतात हे जगात फक्त अनसूयाबाईंना माहीत होतं.)

त्याच शनिवारी मुलं घरी आली. तनुजाच्या हातात प्रश्नांचा लांबलचक फॉर्म होता. अनसूयाबाई शिलाई मशीन बाजूला सारून समोर येऊन बसल्या.

"काकू, तुम्हाला घरात सगळ्यात जास्त अडचण कशाची होते?" तनुजानं नीट त्यांच्याकडं तोंड करून विचारलं.

"नळाची," वैजनाथराव म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या कॉलनीत पाणी आठव्या दिवशी यायचं आणि पाऊण तास टिकायचं. सकाळी नऊ ते दुपारी दोन, कधीही. धार जोरात लागावी म्हणून सगळ्यांनी अंगणात गुडघाभर खड्डे करून नळ खाली नेले होते. पाण्याआधी नळातून हवा निघायची, तिचा फुस्स असा आवाज व्हायचा आणि गल्लीभर बायका हंडे घेऊन धावायच्या. ज्याला तो आवाज ऐकू येत नाही त्यानं काय करायचं?

तनुजानं फॉर्मवर पाहिलं. "मग काकू, आत्ता तुम्ही पाणी आलेलं कसं ओळखता?"

अनसूयाबाईंनी तोंड उघडलं.

"ती कशाची ओळखते," वैजनाथराव म्हणाले. "शेजारच्या द्वारकाबाई सांगतात, मी सांगतो, तसंच चाललंय. लिही, सध्याची पद्धत, काही नाही. आणि अगं, चहा टाक ना पोरांना."

शेवटचं वाक्य मिशीतून अर्धंच बाहेर आलं, पण चहाचं वाक्य अर्ध्यातही कळतं. अनसूयाबाई उठल्या. आत जाताना त्यांनी एकदा तनुजाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मला आत स्वयंपाकघरात असताना कळलं तर बरं होईल, एवढंच." आणि गेल्या.

एवढंच का, हे कुणी विचारलं नाही. वैजनाथराव तोवर मुलांना, पेटीचा रंग कोणता असावा ते सांगायला लागले होते.

पेटी तीन आठवड्यांत तयार झाली. साबणदाणीएवढी पेटी खड्ड्याच्या भिंतीला लावायची, तिच्यात एक छोटा माइक. नळानं फुस्स केलं की माइक ते ऐकणार आणि अनसूयाबाईंच्या मनगटावरचा पट्टा थरथरणार. पहिली चाचणी गुरुवारी, पाण्याच्या दिवशी ठरली. विशाखा मॅडम स्वतः पाहायला येणार होत्या.

आणि शुक्रवारी वैदेहीचं डोहाळजेवण होतं.

वैदेही ही त्यांची एकुलती एक लेक, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. पन्नास बायका जेवायला बोलावल्या होत्या. पाहुणे मंडळी खुलताबादहून येणार होती. पन्नास ताटं, पन्नास वाट्या, वर हातपाय धुणं. आदल्या आठवड्याचं पाणी तळाला गेलं होतं. गुरुवारचा नळ चुकला तर त्या डोहाळजेवणात ओटी भरायची सोय झाली असती, पण तांब्या भरायची नाही.

"डोहाळजेवण पुढं ढकलता येत नाही," अनसूयाबाई बुधवारी संध्याकाळी म्हणाल्या. "तुमची चाचणी पुढं ढकला."

"अगं, उलट हीच खरी परीक्षा," वैजनाथराव म्हणाले. अनसूयाबाईंना त्यातलं 'परीक्षा' तेवढं मिळालं. त्यांनी एक उसासा सोडला आणि करंज्यांचं सारण करायला घेतलं. कारण एरवी पाण्याच्या दिवशी त्यांना स्वयंपाकघरात पाय ठेवता येत नसे आणि उद्या तर करंज्या तळायच्या होत्या. पट्टा चालला असता तर त्यांना हवाच होता.

गुरुवारी वैजनाथरावांनी रजा काढली. मॅडम येणार, फोटो निघणार, म्हणून सकाळी लवकर उठून त्यांनी अंगण झाडलं, खड्ड्याच्या कडेला रांगोळी काढली (ती कमळाची होती, पण भेंडीसारखी दिसत होती) आणि आत काही कचरा नाही ना हे बघायला खड्ड्यात डोकावले.

नळाच्या तोंडाला एक हातमोजा रबरबँडनं बांधलेला होता. पातळ, पांढरट, प्लॅस्टिकचा. आणि त्याच्या अंगठ्याला काळा डाग होता.

हा हातमोजा वैजनाथरावांनी लांबून ओळखला. केसांच्या रंगाच्या पाकिटात अशीच एक जोडी येते. महिन्याच्या त्या रविवारी ते हीच जोडी हातात घालून न्हाणीघरात बसत. मागच्या दोरीवर हे हातमोजे चिमट्यात वाळत घातलेले त्यांनी पाहिले होते, पण बायकोच्या काटकसरीचा भाग म्हणून सोडून दिलं होतं. पाण्याच्या दिवशी ते ऑफिसात असत, तेव्हा नळावर काय बांधलेलं असतं हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. मुंग्या जाऊ नयेत म्हणून बांधला असेल, त्यांनी मनाशी ठरवलं. पण मॅडम विचारणार, हे काय आहे. मुलं विचारणार. तनुजा तर नोंदच करणार. आणि उद्या राजेंद्र.

त्यांनी खड्ड्यात उतरून हातमोजा सोडवला आणि पँटच्या खिशात कोंबला. नळ उघडाच होता. उघडा नळ दिसला की बंद करायचा हे त्यांच्या हाताला शाळेपासून वळण. त्यांनी तोटी घट्ट आवळली आणि समाधानानं वर आले.

दहाला मुलं आली. सत्यमनं पेटी बसवली, तनुजानं अनसूयाबाईंच्या मनगटावर पट्टा बांधला. अनसूयाबाई आत गेल्या आणि पहिली करंजी तेलात सोडतात तोच पट्टा थरथरला. त्या धावत बाहेर आल्या. भाजीवाला ओरडला होता.

त्या परत गेल्या. कुकरची शिट्टी झाली, पट्टा थरथरला. वैजनाथराव शिंकले, थरथरला. तेवढ्यात विशाखा मॅडम आल्या आणि वैजनाथरावांनी त्यांना प्रोजेक्टची कल्पना आपल्याला कशी सुचली ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांच्या प्रत्येक वाक्याला पट्टा थरथरत होता. अनसूयाबाई चार वेळा बाहेर येऊन गेल्या. पाचव्या वेळी त्या हातात झारा घेऊनच आल्या.

"सत्यम, हा ह्यांच्या बोलण्यालाच वाजतोय," त्या म्हणाल्या.

"व्हय काकू, सरांचा आवाज पेटीला लई लागतोय," सत्यम घाम पुसत म्हणाला. "थांबा, त्याचं ऐकणं कमी करतो. आता फक्त नळाचंच ऐकंल."

त्यानं लॅपटॉपवर काहीतरी केलं. पट्टा शांत झाला. सगळे पुढच्या खोलीत पोहे खायला बसले. अनसूयाबाई करंज्या तळत राहिल्या. मधूनच त्या पुढच्या खोलीतल्या खिडकीशी येऊन अंगणाकडं बघत, मान हलवत आणि परत जात. मॅडमनं ते दोनदा पाहिलं.

"तुमच्या मिसेस खिडकीतून काय बघतात?"

"सवय आहे," वैजनाथराव म्हणाले. "जाणारे-येणारे बघते."

अकरा वाजले. साडेअकरा झाले. पट्टा शांतच. बाराला दहा कमी असताना फाटक वाजलं आणि शेजारच्या द्वारकाबाई आत आल्या. त्यांच्या साडीचा काठ ओला होता आणि पाय चिखलानं भरले होते. खोलीत कोण बसलंय हे न बघता त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन अनसूयाबाईंच्या समोर उभ्या राहिल्या.

"अनसूयाताई, आज हात का नाय वर आला?"

"नाही आला म्हणूनच तर मी तळत बसलेय," अनसूयाबाई म्हणाल्या. "पाणी यायचंय अजून."

"कशाचं यायचंय, माय. मी तुमच्या हाताच्या भरवशावर ओट्यावर भाजी निवडत बसले. टीव्ही चालू होता. पायाखाली पाणी आलं तवा कळलं. माझा हौद भरून वाहतोय. तिकडं समोरचा कडुबा मोटरसायकल धुतोय. अर्धा घंटा झाला पाणी येऊन."

अनसूयाबाईंनी झारा ठेवला, गॅस बंद केला आणि त्या खिडकीशी आल्या. खड्ड्याच्या वर काहीच नव्हतं.

"कसला हात?" विशाखा मॅडमनी विचारलं.

उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. सगळे अंगणात. सत्यमनं खड्ड्यात उतरून पेटीला कान लावला, वायर ओढून पाहिली, बॅटरी काढून पुन्हा घातली. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "मॅडम, माइक चालू हाय. ऐकतोय. पर नळ काय बोलतच नाय."

"सेन्सिटिव्हिटी जास्तच कमी केलीस का?" तनुजा म्हणाली. "कोड बघ."

"कोड बरोबर हाय गं."

"मग वायर."

"हे बघा," वैजनाथराव वरून म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. इंजिनिअरिंगमध्ये अपयश हीच..."

अनसूयाबाईंनी त्यांना हातानं बाजूला केलं, खड्ड्यात वाकून नळाकडं पाहिलं आणि तोटी फिरवली. नळातून आधी एक लांब फुस्स निघालं आणि मग पाण्याची जी धार सुटली ती सत्यमच्या छातीवर. त्याच वेळी अनसूयाबाईंचा पट्टा थरथरला. पेटीनं आपलं काम चोख केलं होतं.

"नळ बंद कुणी केला?" अनसूयाबाईंनी विचारलं.

वैजनाथराव वाकून रांगोळी नीट करायला लागले.

"आणि माझा हातमोजा कुठाय?"

"कुठला हातमोजा?" वैजनाथराव म्हणाले. जगात एकच हातमोजा हरवलेला असताना हा प्रश्न विचारणारा माणूस सहसा सापडतो. कपाळाचा घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर पाच बोटं बाहेर आली.

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, हातमोज्याकडं पाहिलं, त्याच्या अंगठ्यावरच्या काळ्या डागाकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. अर्धं नाही, पूर्ण. पण त्या एवढंच म्हणाल्या, "नंतर बोलू. पंधरा मिनिटं उरलीत. एका नळावर आपला हौद भरायचा नाही."

मग जे झालं ते त्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. द्वारकाबाईंनी आपल्या नळाचा पाइप भिंतीवरून इकडं फेकला. सत्यम दोन बादल्या घेऊन कडुबाच्या घरी धावला आणि "मामा, मोटरसायकल चकाचक झाली, आता नळ द्या" म्हणून त्याचा नळ ताब्यात घेतला. तनुजा आणि कडुबा बादल्यांची ने-आण करायला लागले. विशाखा मॅडमनी पदर खोचला आणि कळशी उचलली. पोटुशी वैदेही ओट्यावर बसून "आई, पिंप भरलं, आई, घंगाळ राहिलं" असं हातवारे करून सांगत होती. वैजनाथरावांना अनसूयाबाईंनी एकच काम दिलं. पाइपचं तोंड हौदात धरून उभं राहायचं आणि कशालाही हात लावायचा नाही.

हौद काठाला आला. पिंपं भरली. घंगाळ भरलं. शेवटी वैदेहीनं पूजेचा तांब्याही पुढं केला, तो भरला आणि नळ घशातल्या घशात गुरगुरून थांबला.

सगळे आहे तिथं खाली बसले. मग अनसूयाबाई हसायला लागल्या. त्यांच्या मागून द्वारकाबाई, मॅडम, पोरं. वैजनाथराव सगळ्यात शेवटी हसले, हसणं सुरक्षित आहे याची खात्री झाल्यावर.

"काकू," तनुजानं ओल्या वेणीचं पाणी पिळत त्यांच्यासमोर बसून विचारलं, "हात म्हणजे काय ते सांगता?"

अनसूयाबाईंनी हातमोजा तिच्यापुढं धरला आणि मनगटाशी तोंड लावून हलकेच फुंकला. पाच बोटं ताठ उभी राहिली.

"नळातून आधी हवा येते ना, तिनं हा फुगतो आणि खड्ड्यातून वर येतो. माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे. तिथून दिसतो. हात वर आला की मी उठते, हातमोजा काढते, पाइप लावते. अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही."

"हे आपलं घर गल्लीच्या तोंडाला, हवा आधी इथं येती," असं आपलंच घर असल्यासारखं द्वारकाबाई म्हणाल्या. "आमी समदे ताईंचा हात बघूनच उठतो. कान असून त्यो नळ ऐकत बसायला येळ कुणाला हाय?"

सत्यम हातमोज्याकडं बघतच राहिला. "काकू, आमचा तीन आठवड्यांचा माइक अन् तुमचा हा. तुमचं झकास चालू होतं की. मग आमची पेटी कशाला घेतली?"

"चालू कुठं होतं," अनसूयाबाई म्हणाल्या. "हात वर येतो तेव्हा मी खिडकीत असायला नको का? आठव्या दिवशी सकाळी नऊपासून मी त्या खुर्चीला बांधलेली असते. जेवते तिथंच. आंघोळ नऊच्या आत. कुणी बोलावलं तरी जाता येत नाही. मला हात नको होता, हात आहे माझ्याकडं. मला खिडकीतून सुटायचं होतं."

वैजनाथराव पाइप गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले. अकरा वर्षं आठव्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मशीनवर उष्टं ताट दिसायचं आणि ते म्हणायचे, जेवायला तरी उठत जा की.

"हे तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले. ह्या वेळी त्यांनी मिशी वर करून नीट म्हटलं.

"त्या दिवशी बोलत होते. तुम्ही चहा टाकायला सांगितला."

तनुजानं पिशवीतून तो फॉर्म काढला. 'सध्याची पद्धत' ह्याच्यापुढं वैजनाथरावांच्या सांगण्यावरून लिहिलेलं 'काही नाही' तिनं खोडलं आणि पेन घेऊन अनसूयाबाईंच्या शेजारी सरकून बसली. मॅडमनी वैजनाथरावांना अगदी सौम्यपणे विचारलं, "सर, आता चहा तुम्ही टाकता का?"

शुक्रवारचं डोहाळजेवण थाटात झालं. पन्नासाच्या जागी साठ बायका आल्या, सगळ्यांनी दोन-दोनदा हात धुतले, आणि खुलताबादच्या विहीणबाई जाताना म्हणाल्या, "तुमच्याकडं पाण्याची चंगळ आहे बाई." अनसूयाबाईंनी ते ओठांवरून वाचलं आणि लोणच्याची बरणी आणण्याच्या निमित्तानं आत जाऊन पोटभर हसून आल्या.

मुलांनी माइक काढून टाकला. आता खड्ड्याच्या काठावर एक हलकी पट्टी होती. हात फुगून वर आला की ती पट्टी ढकलायचा आणि मनगटावरचा पट्टा थरथरायचा. भाजीवाल्याला वाजत नसे, कुकरला वाजत नसे, वैजनाथरावांना तर मुळीच नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी अनसूयाबाईंनी मागच्या खोलीत लेकीशेजारी पाट मांडून, ताट वाढून घेऊन जेवण केलं. वरण-भात झाला, ताक झालं, आणि त्या बडीशेप तोंडात टाकतात तोवर पट्टा थरथरला. त्या शांतपणे उठल्या. वैदेही सांगते, आई त्या दिवशी नळाकडं चालत गेली, धावत नाही.

आता फक्त परीक्षा उरली होती. बाहेरगावचे परीक्षक येणार, कॉलेजच्या हॉलमध्ये प्रोजेक्ट मांडायचे. रिपोर्टच्या आभारात आपलं नाव आहे हे वैजनाथरावांना तनुजाकडून कळलं होतं, तेव्हा त्यांनी अख्खं ऑफिस हॉलमध्ये आणून पहिल्या दोन रांगांत बसवलं. राजेंद्र त्यांच्या शेजारी होता. अनसूयाबाई मुलांबरोबर टेबलामागं उभ्या होत्या, नव्या साडीत.

चाचणी झाली. सत्यमनं सायकलच्या पंपानं नळात हवा भरली, हात डौलात वर आला, पट्टा थरथरला, हॉलमध्ये टाळ्या पडल्या. परीक्षक चष्मा कपाळावर सरकवून हातमोजा निरखायला लागले.

"कल्पना छान आहे. पण हा हातमोजाच का? दुसरा घेतला तर?"

"सर, आम्ही नऊ प्रकारचे वापरून पाहिले," तनुजा म्हणाली. "दवाखान्यातला फुगत नाही, भांडी घासायचा उठतच नाही. एवढ्या कमी हवेत फक्त हाच उभा राहतो."

"म्हणजे सगळा प्रोजेक्ट ह्या हातमोज्यावर उभा आहे. मग हा मिळतो कुठं?"

तनुजानं सत्यमकडं पाहिलं. सत्यमनं छताकडं पाहिलं. वैजनाथरावांना एकाएकी हॉलमध्ये फार उकडायला लागलं.

पण परीक्षक अनसूयाबाईंच्या अगदी समोर उभे होते, त्यांना मिशी नव्हती, आणि प्रश्न सरळ होता. आणि ह्या वेळी मध्येच चहा टाकायला सांगणारं शेजारी कुणी नव्हतं. अनसूयाबाईंनी टेबलावरचा हॉलचा माइक उचलला आणि शांत, स्वच्छ शब्दांत सांगितलं,

"ह्यांच्या केसांच्या रंगाच्या पाकिटात येतो. दर महिन्याला एक जोडी."

परीक्षकांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. "म्हणजे पुरवठा नियमित आहे. उत्तम."

मुलांना पैकीच्या पैकी मार्क पडले. पहिल्या दोन रांगा वैजनाथरावांच्या डोक्याकडं बघत होत्या. ते मात्र आभाराच्या पानात तोंड खुपसून बसले होते, आणि तिथंही लिहिलेलं होतं : 'हातमोजे, अखंड पुरवठा : श्री. वैजनाथ सर.'

ऑफिसात परत आल्यावर राजेंद्रनं आपला ड्रॉवर उघडला, आवळ्यांची डबी काढली आणि ती वैजनाथरावांच्या टेबलावर, थर्मासच्या शेजारी नीट ठेवली. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज अगदी खाली आणून त्यानं विचारलं,

"सर, शेड कुठली?"